दुसरी सुई

सकाळी सव्वासातला पॅथॉलॉजी लॅबमध्ये जमणारी माणसं उपाशी असतात, त्यामुळे कुणी फारसं बोलत नाही. स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर आणि खाली एकमेकींना जोडलेल्या स्टीलच्या गार खुर्च्या. त्यातल्या दोन खुर्च्यांवर एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी आणि तिची आई. मुलीच्या मांडीवर सोनोग्राफीचं मोठं पाकीट, आईच्या हातात पर्स आणि रिक्षासाठी आधीच मोजून ठेवलेले सुटे पैसे. मुलीच्या बोटातला थेंब मीटरवर लावून साखर बघितली गेली, ८९. मग कोपराच्या खळीतून रक्त निघालं आणि राखाडी टोपणाच्या नळीत गेलं. त्यानंतर तो ग्लास. ७५ ग्रॅम ग्लुकोज, पाव लिटरच्या थोडं वर पाणी, पाच मिनिटांत संपवायचं. रिकाम्या पोटी इतकं गोड पिताना घसा आवळतो, ढेकर येते ती पण गोड येते. उलटी झाली तर चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. मुलीनं डोळे मिटून ग्लास संपवला. "आता दोन तास इथंच बसायचं," काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फिरायचं नाही, चहा नाही. साडेनऊला परत रक्त घेणार."

पाऊण तास कसाबसा गेला. आईनं दोनदा घड्याळ बघितलं, एकदा घरी फोन करून कुकर लावायला सांगितला आणि मग उठून काउंटरपाशी गेली. "दादा, उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणालात ना? मग आता कशाला थांबायचं?" तो म्हणाला, "डॉक्टरांनी लिहिलंय काकू, दोन्ही द्यावे लागतील." त्यावर आई जरा आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशीच म्हणाली, "अहो, हिला डायबिटीस नाहीये. हिला गाठी आहेत." तो दुसऱ्या कुणाची पावती करायला वळला. परत बघितलं तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

हिला डायबिटीस नाहीये, हिला गाठी आहेत.

खटकलं ते एवढंच. त्या बाईंची चूक म्हणावं तर तसंही नाही. पाकिटावर तेच लिहिलेलं असतं, डॉक्टरही घाईत तेच बोलतात आणि आजाराच्या नावातही तेच आहे: पॉलिसिस्टिक ओव्हरी, म्हणजे पुष्कळ गाठी असलेला बीजांडकोश. आपल्याकडे त्याला पीसीओडी म्हणायची सवय आहे आणि पीसीओएस ऐकलं की हा दुसरा, जास्त वाईट आजार आहे का, असं विचारणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. दोन्ही एकच. आणि त्या गाठी मुळात गाठीच नाहीत. सोनोग्राफीच्या फिल्मवर ओव्हरीच्या कडेनं काळे ठिपके दिसतात, माळेत ओवलेल्या मण्यांसारखे, २ ते ९ मिलिमीटरचे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फॉलिकल, स्त्रीबीज सांभाळणारी पाण्याची इवलीशी पिशवी. ती पिशवी वाढायला निघाली आणि मध्येच थांबली, इतकंच. ती काढायची नसते, विरघळवायची नसते, ती फुटेल म्हणून घाबरायचंही कारण नसतं. "गाठी विरघळवणारे" काढे विकणाऱ्यांचं दुकान याच एका शब्दावर चालतं.

ठिपके किती झाले की जास्त म्हणायचे, हेही यंत्रांबरोबर बदलत गेलं. २००३ मध्ये रॉटरडॅमला जे निकष ठरले त्यात एका ओव्हरीत १२ फॉलिकल किंवा १० मिलिलिटरहून मोठा आकार, असं होतं. पुढे सोनोग्राफीची यंत्रं इतकी बारीक बघू लागली की धडधाकट मुलींच्याही ओव्हरीत बारा सहज सापडायला लागले. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी, चांगल्या यंत्रावर आतून केलेल्या सोनोग्राफीसाठी हा आकडा २० वर नेला. त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नका, कारण त्या वयात ओव्हरी ठिपक्यांनी भरलेलीच असते. आणि आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी दोन महिने चुकली की पहिली चिठ्ठी सोनोग्राफीचीच मिळते. पोटावरून केलेल्या त्या सोनोग्राफीत "पीसीओ" ही तीन अक्षरं छापून येतात आणि मुलगी ती जन्मभर बाळगते. मोठ्या वयात निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण (अंगावर नाहीतर रक्तात) आणि तिसरी सोनोग्राफी, किंवा २०२३ पासून तिच्याऐवजी एएमएच या संप्रेरकाची रक्तचाचणी. पहिल्या दोन असतील तर तिसरीची गरजच नाही. म्हणजे ज्या फिल्मवरून एवढं रडणं होतं, ती पुष्कळदा काढली नसती तरी चाललं असतं.

सगळ्यांची नजर ओव्हरीवरच का खिळली, याची गोष्ट १९३५ ची आहे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात बायकांबद्दल लिहिलं: पाळी येत नाही, ओव्हऱ्या सुजल्यासारख्या मोठ्या. त्यांनी दोन्ही ओव्हऱ्यांतून कलिंगडाची फोड काढावी तसा पाचरीएवढा तुकडा काढला आणि पाळी सुरू झाली. आता याच्याइतका सरळ पुरावा कुठला? दोष तिथंच, उपायही तिथंच. तुकडा काढल्यानं पुरुषी संप्रेरकं बनवणारा भागच कमी होत होता, हे नंतर समजलं. पण त्याच्या चौदा वर्षं आधी, १९२१ मध्ये, आशार आणि तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या मधुमेही बायकांबद्दल लिहून ठेवलं होतं. साखर आणि दाढी एकाच बाईत का, हा प्रश्न तेव्हाच समोर होता. हे दोन धागे एकत्र यायला १९८० उजाडावं लागलं. त्या साली या बायकांच्या रक्तात इन्शुलिन आणि पुरुषी संप्रेरकं जोडीनं चढलेली असतात, हे मोजून दाखवलं गेलं. लॅबमधल्या त्या आईला साखर आणि गाठी वेगळ्या वाटल्या यात नवल नाही. वैद्यकालाही जवळजवळ साठ वर्षं तसंच वाटत होतं.

आत काय चालतं ते सांगायचं तर देवळातली दर्शनबारी डोळ्यापुढे आणावी. दर महिन्याला फॉलिकलांची एक तुकडी रांगेत उभी राहते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे फॉलिकल वाढवणारं संप्रेरक पाठवते, त्या जोरावर एक जण पुढे सरकतो, बाकीचे गळून जातात आणि पुढे गेलेला महिन्याच्या मध्यावर फुटून बीज सोडतो. पीसीओएसमध्ये बारी हलत नाही. मेंदूतून पिट्युटरीला संदेशाचे जे ठोके जातात ते जास्त भरभर पडतात, आणि ठोका भरभर पडला की पिट्युटरी एफएसएचपेक्षा एलएच हे आपलं दुसरं संप्रेरक जास्त सोडते. प्रत्येक फॉलिकलच्या भिंतीत दोन थर असतात. बाहेरचा थर एलएचच्या सांगण्यावरून पुरुषी संप्रेरकं बनवतो आणि आतला थर एफएसएचच्या सांगण्यावरून त्यांचं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक करतो. इथं बाहेरचा कारखाना तिन्ही शिफ्टमध्ये चालू आणि आतल्याला पुरेसं मनुष्यबळ नाही. माल साचत जातो. त्यात थांबलेले छोटे फॉलिकल एएमएच नावाचं संप्रेरक सोडतात, जितके जास्त फॉलिकल तितकं जास्त, आणि ते आतल्या थराला एफएसएच आणखीच कमी ऐकू येईल अशी व्यवस्था करतं. बीज सुटलं नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मेंदूचा ठोका संथ करण्याचं काम प्रोजेस्टेरॉनचं. ते नाही म्हणून ठोका भरभरच राहतो. सुरुवात कुठून झाली हे विचारून उपयोग नसतो. भोवऱ्याला सुरुवात कुठली?

आणि या भोवऱ्यावर बाहेरून दोरी ओढत राहतं ते इन्शुलिन.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते. इन्शुलिन दार वाजवतं, स्नायू दार उघडतो. पीसीओएस असलेल्या बहुतेकींच्या स्नायूंना ही हाक नीट ऐकू येत नाही, बारीक असलेल्या कित्येक जणींच्याही. मग स्वादुपिंड आवाज वाढवतं, दुप्पट इन्शुलिन सोडतं आणि साखर खाली आणून दाखवतं. रिपोर्टवर आकडा चांगला दिसतो. तो आकडा किती ओरडून मिळवला ते रिपोर्टवर येत नाही. गंमत अशी, की स्नायू बहिरे झाले तरी ओव्हरीचे कान शाबूत असतात. वाढलेलं इन्शुलिन ओव्हरीतल्या त्या बाहेरच्या थराला एलएचच्या जोडीनं कामाला लावतं. तिकडे यकृतावरही त्याचा परिणाम होतो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन यकृत बनवतं आणि इन्शुलिन चढलं की ते कमी बनवतं. खुंट्या कमी झाल्या की दावणीची गुरं मोकळी सुटतात. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन "नॉर्मल" आणि हनुवटीवर राठ केस, हे दोन्ही एकाच बाईत दिसू शकतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असतं. त्याची थेट चाचणी स्वस्त किटवर बेभरवशाची येते. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी दोन्ही मोजून हिशेबानं काढलेला आकडा बरा.

आता त्या दोन तासांचं. उपाशीपोटीची साखर म्हणजे रात्रभर विश्रांती घेतलेल्या घरातली शांतता. तेव्हा काम असतं यकृताचं. स्नायूंची परीक्षा होतच नाही. ती होते ग्लुकोज प्यायल्यावर. ७५ ग्रॅम साखर एकदम अंगावर आली की स्वादुपिंड किती दमछाक करून ती आवरतं, हे दोन तासांनी दिसतं. १४० च्या आत म्हणजे ठीक, १४० ते १९९ म्हणजे वेशीवर, २०० आणि पुढे म्हणजे मधुमेह. पीसीओएसमध्ये बिघाड आधी इथं दिसतो, आणि उपाशीपोटीचा आकडा त्यानंतरही वर्षानुवर्षं ८९-९२ दाखवत बसतो. त्यामुळे फक्त पहिली सुई घेऊन घरी जाणं म्हणजे परीक्षेला नाव नोंदवून पेपर न देता परत येण्यासारखं. ही चाचणी नीट यायची तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायला हवं. चाचणी आहे म्हणून भात-पोळी बंद करून आलेल्यांचा आकडा उलट चुकीचा वर जातो. आठ ते चौदा तास पोट रिकामं हवं. मधल्या दोन तासांत जिने चढउतार केली तर स्नायू साखर उचलतात आणि आकडा फसवा चांगला येतो. पुष्कळ जणी म्हणतात, त्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करतो, बसायला नको. पण लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल तर ती चाचणी मुळात नसलेली साखर दाखवते आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये लोह कमी असणं काही दुर्मीळ नाही. उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि त्यावरून काढलेला होमा हा आकडा पॅकेजात हमखास असतो. संशोधनात तो उपयोगी आहे. रोजच्या उपचारात त्यानं निर्णय बदलत नाही, बिल तेवढं बदलतं.

"पण ही तर बारीक आहे" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याचं उत्तर पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं यांची मापं ताडून बघितली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ ची. हात-पाय काटकुळे, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नाही. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली बारीक मुलगी बारीक असते ती स्नायूंनी. पोटातली चरबी कपड्यांत दिसत नाही. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ वर नसून २३ वर आहे आणि वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते: बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटर.

शरीर हे सगळं बाहेरूनही सांगत असतं. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी. इन्शुलिन हे नुसतं साखरेचं संप्रेरक नाही, वाढीचंही आहे. चढलेलं राहिलं की त्वचेच्या पेशींना वाढत राहायला सांगतं. शेजारी बारीक लोंबत्या चामखिळी. घरोघरी या मानेला मळ समजून घासलं जातं: डाळीचं पीठ, लिंबू, दगड, शेवटी भांड्याच्या घासणीपर्यंत. घासल्यानं कातडी चिडते आणि आणखी काळी पडते. शाळेच्या वेण्यांखाली उघडी पडणारी ती मान लपवायला ओढणी पुढून मागे नेणाऱ्या मुली कुठल्याही बसस्टॉपवर दिसतील. "नीट आंघोळ करत जा" हे त्यांनी किती वेळा ऐकलं असेल!

केसांचंही असंच. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, दंड, मांड्या अशा नऊ जागा बघून प्रत्येकीला शून्य ते चार गुण द्यायची पद्धत आहे. ठिकठिकाणच्या बायकांप्रमाणे बेरीज चार ते सहाच्या पुढे गेली की केस जास्त आहेत म्हणायचे. पण डॉक्टरांकडे जायचं म्हणून आदल्या दिवशीच पार्लरमध्ये जाऊन थ्रेडिंग-वॅक्सिंग करून आलेल्या मुलीला गुण कुठून देणार? औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण जो केस एकदा मऊ लवेचा राठ झाला तो आपलं आयुष्य संपवूनच गळतो; औषध त्याच्यामागून येणाऱ्याला थोपवतं. दोन महिन्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडलेल्या उपचारांचा ढीग इथंच साचतो. स्पायरोनोलॅक्टोनसारख्या, पुरुषी संप्रेरकांना अडवणाऱ्या गोळ्या चालू असताना दिवस राहू देता कामा नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत बाधा येऊ शकते. हे लग्न ठरलेल्या मुलीला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आणि एक बारीकशी गोष्ट: डोक्यावरचे केस गळतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या. त्यांनी केसांचं काय होतं ते होवो, पण कित्येक यंत्रांवर थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दाखवायला त्या पुरतात. चाचणीआधी निदान दोन-तीन दिवस त्या बंद हव्यात. केस महिनोन् महिने हळूहळू वाढले तर पीसीओएस. दोन-तीन महिन्यांत झपाट्यानं वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर तो दुसराच मामला, ताबडतोब दाखवायचा.

पाळीबद्दल बोलताना मात्र घरात सगळ्यांचं गणित उलटं असतं. सण जवळ आला की पाळी नको आणि एरवी का येत नाही म्हणून काळजी. गौरी-गणपतीच्या आधी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांच्या पट्ट्या मेडिकलमधून हातोहात जातात. ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेआधी तीन दिवसांपासून. पीसीओएसवालीची अडचण इथंच आहे: तारीख कुठली? अंदाजानं घेतलेल्या गोळ्या दोन-अडीच महिने न झडलेल्या अस्तराला धरून ठेवतात आणि त्या बंद झाल्या की विसर्जनाच्या दिवशी असा रक्तस्राव सुरू होतो की दर तासाला पॅड बदलावं लागतं. पाळी आणायची गोळी आणि पाळी ढकलायची गोळी एकाच घराण्यातली आहे, प्रोजेस्टेरॉनच्या. चालू असताना थांबवते, थांबली की आणते. पाळी न येण्यातला खरा धोका "रक्त आत साचतं" हा नाही, काही साचत नसतं. धोका असा, की इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि त्याला लगाम घालणारं प्रोजेस्टेरॉन येतच नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या अस्तरातल्या पेशी बिघडू शकतात, पुढे कॅन्सरपर्यंत. म्हणून ९० दिवसांपेक्षा जास्त काळ कोरडा जाऊ द्यायचा नाही. आधी गरोदर नाही याची चाचणी, मग डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, पाच ते दहा दिवस, आणि त्या संपल्यावर आठवडाभरात पाळी. आधीची चाचणी टाळायची नाही, कारण पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नव्हे. बीज सुटतं, पण वार न सांगता.

गर्भनिरोधक गोळ्यांचं नाव काढलं की आया दचकतात. लग्न न झालेल्या मुलीला ही गोळी? घ्यायची ती गोळीच्या कामासाठी, नावासाठी नव्हे. ती एलएच खाली आणते, यकृताला एसएचबीजी जास्त बनवायला लावते, खुंट्या वाढतात, मोकळं टेस्टोस्टेरॉन बांधलं जातं आणि अस्तराला शिस्त लागते. पण "गोळ्यांनी पाळी रेग्युलर झाली होती, सोडल्या आणि परत तेच" या तक्रारीला काय म्हणावं? गोळीवरची पाळी गोळीच्या पाकिटाची असते, ओव्हरीची नव्हे. छत्री मिटल्यावर भिजलो म्हणून छत्रीला बोल लावण्यासारखंच हे. डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, यांतलं काही असेल तर मात्र गोळी सुरू करण्याआधी ते सांगायला हवं.

मेटफॉर्मिन दिलं की दुसरा धक्का: "साखरेची गोळी का लावली?" ती यकृताला साखर ओतण्यापासून आवरते, इन्शुलिनचा आरडाओरडा कमी करते, म्हणून लावली. पहिल्या आठवड्यात पोट बिघडून ती सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि दोष पुष्कळदा घाईचा असतो. रात्रीच्या जेवणाच्या मध्यात ५०० मिलिग्रॅम, आठवडाभर तेवढीच, मग पोटाचा कल बघून आणखी ५००, असं चढत दीड-दोन हजारांपर्यंत. हळू विरघळणारी गोळी पोटाला सोसते. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ खाली येतं, आणि शाकाहारी घरात ते आधीच तळाला असतं. पायांना मुंग्या आल्या तर आठवण ठेवायची. मूल हवं असेल तेव्हा बीज सुटावं म्हणून पहिली गोळी आज लेट्रोझोल, पाच दिवसांची. तिचीही आपल्याकडे एक कहाणी आहे. २०११ मध्ये सरकारनं वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के आणि लेट्रोझोलवर २७.५ टक्के बाळंतपणं झाली. आणि २०१७ मध्ये आपली बंदी उठली. मधल्या सहा वर्षांत ज्यांची वयं तिशी ओलांडून गेली त्यांनी कुणाला विचारायचं?

खाण्याबद्दल सल्ले इतके झाले आहेत की आणखी एक देताना लाज वाटते. ठरावीक एकच आहार पीसीओएसला सगळ्यांत चांगला, असं सिद्ध झालेलं नाही. ज्याला निभेल तो चांगला. मात्र मराठी घरातल्या काही जागा नेमक्या हेरता येतात. सकाळी चहा-बिस्किट, दहाला पोहे, उपासाला साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात वाचवणारं काही असेल तर दाण्याचं कूट. गूळ "नैसर्गिक" म्हणून चालतो ही समजूत शरीराला माहीत नाही. भाकरी चांगलीच, पण तीन भाकऱ्या आणि पळीभर पातळ आमटी यात धान्यच धान्य आहे. उसळ वाटीभर, घट्ट वरण, अंडं किंवा मासा, आणि ताटात डावीकडे चिमटीभर वाढतात ती कोशिंबीर पहिल्यांदा आणि पोटभर, इतकं केलं तरी दोन तासांनंतरचा आकडा हलतो. सगळ्यांत कमी वापरलेलं औषध म्हणजे मांड्या. स्नायू आकसला की इन्शुलिननं दार न वाजवताही तो साखर आत घेतो. बहिऱ्या घराला मागचं दार असतं ते हे. जेवणानंतरची पंधरा मिनिटं चाल, आठवड्याला दीडशे मिनिटं घाम येईल असं काही, आणि सलग नसलेले दोन दिवस वजनं उचलणं किंवा उठाबशा. शाळेत शिक्षा म्हणून दिल्या जायच्या त्याच उठाबशा. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना पाच टक्क्यांनीही फरक पडतो: ७० किलोच्या बाईला साडेतीन किलो. पण "वजन कमी कर, सगळं ठीक होईल" हे वाक्य त्यांना प्रत्येक दारात मिळतं, दातदुखी घेऊन गेलं तरी. चढलेलं इन्शुलिन चरबी सोडू देत नाही, भूक मात्र वाढवतं. ज्या घोड्याचे पाय बांधलेत त्याला पळत नाही म्हणून मारण्यात शौर्य कसलं? या मुलींमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते आणि ती विचारून बघावी असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. विचारतं कोण?

लग्नाच्या बाजारात तर हा आजार बोलायचाच नसतो. लग्न झालं की सुटतं, मूल झालं की सुटतं, असं सांगून तो पुढच्या घराकडे ढकलला जातो. मूल होतंच, बहुतेकींना होतं. दिवस राहिल्यावर तोच ७५ ग्रॅमचा ग्लास पुन्हा प्यावा लागतो, जमल्यास सुरुवातीला आणि मग २४ ते २८ आठवड्यांत. आणि चाळिशीकडे येताना एक विचित्र गोष्ट होते. ओव्हरीतली गर्दी वयानुसार ओसरते, बारी हलायला लागते आणि कित्येकींची पाळी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर येऊ लागते. बाईला वाटतं, सुटले. फिल्मवरचे ठिपकेही कमी झालेले असतात. बहिरे स्नायू मात्र तसेच राहिलेले असतात, रक्तातली चरबी, रक्तदाब, यकृतावर चढणारी चरबी सगळं तसंच. आणि आता त्याच्याकडे बघायला पाळीचं निमित्तही उरलेलं नसतं.

काउंटरपाशी उभी असताना ती आई आणखी एक वाक्य बोलली होती, रिक्षाचे पैसे हातात खुळखुळवत. "आमच्या वेळी दोन-दोन महिने यायची नाही. कुणी नेलं होतं आम्हाला सोनोग्राफीला? झाली ना दोन मुलं." पदर खांद्यावरून पाठीकडे गेलेला होता, आंबाडा वर बांधलेला. मंगळसूत्राच्या काळ्या पोतीखाली मानेची कातडी दोन बोटं रुंद, पोतीइतकीच काळी होती, आणि कडेला तीन-चार बारीक चामखिळी.

साडेनऊला आतून टेक्निशियन बाहेर आली. हातात राखाडी टोपणाची दुसरी नळी, तिच्यावर नाव आणि वेळ चिकटवलेली. तिनं मुलीचं नाव पुकारलं. खुर्च्यांवरच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. तिनं पुन्हा एकदा पुकारलं, थोडं मोठ्यानं, आणि मग पुढचं नाव घेतलं.